काडी आणि छडी

सकाळचे साडेसहा. अचलपूर घ्या, बाळापूर घ्या, नाहीतर अकोल्यातला एखादा मोहल्ला. मशिदीच्या ओट्यावर किंवा बाजूच्या खोलीत मक्तब भरलेला असतो. पंचवीस-तीस लेकरं, प्रत्येकाचा धडा वेगळा आणि जो तो आपला धडा मोठ्यानं म्हणतोय. समोर लाकडी रेहल, तिच्यावर उघडा कायदा. हा कायदा कोर्टकचेरीतला नव्हे. अरबी मुळाक्षरांच्या अंकलिपीला कायदा म्हणतात. पाच-सहा वर्षांचं एक पोरगं पुढेमागे डोलत हिज्जे करतंय आणि हाफिज साहेब झाडूची एक काडी अक्षराखालून सरकवत नेतायत. बोटानं दाखवलं तर शेजारचं अक्षर झाकतं, नुक्ता दिसत नाही. म्हणून काडी.

कुठे कुठे त्या काडीशेजारी छडीही ठेवलेली असते. दोन्हींची लांबी फार वेगळी नसते. एकीनं अक्षर दाखवायचं, दुसरीनं तळहात. इस्लामी परंपरेत मुलाला घडवणं म्हणजे काय, हा प्रश्न मला तरी या दोन वस्तूंपासून सुरू करावासा वाटतो.

पण त्याआधी एक घोळ निस्तरला पाहिजे. मराठी वाचकाच्या डोक्यात मक्तब, मदरसा आणि उर्दू शाळा यांची खिचडी झालेली असते. मक्तब म्हणजे सकाळ-संध्याकाळचा तास-दोन तासांचा वर्ग. तिथे कायदा, मग बघून कुराण वाचणं, काही दुआ, नमाजाची रीत. हेच पोरगं मग आठ-दहा वाजता दप्तर घेऊन शाळेत जातं. मदरसा म्हणजे पूर्णवेळ धार्मिक शिक्षण. न्या. राजिंदर सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात हा फरक मुद्दाम नोंदवला होता; शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी शंभरात तीन-चारच, असं त्या अहवालात आहे. आणि उर्दू शाळा म्हणजे निव्वळ उर्दू माध्यमाची शाळा. जिल्हा परिषदेची असेल, नगरपालिकेची असेल, एखाद्या संस्थेची अनुदानित असेल. पुस्तकं बालभारतीचीच, गणित तेच, भूगोल तोच, मराठी हा विषय आहेच. २०११ च्या जनगणनेनुसार अकोला जिल्ह्यात पाचांतला जवळपास एक आणि अमरावती जिल्ह्यात सातांतला एक माणूस मुस्लिम आहे. तेव्हा या शाळा वऱ्हाडाच्या कुठल्या कोपऱ्यात नाहीत, भर वस्तीत आहेत.

आणि नव्यानं आलेल्याही नाहीत. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्कनं बहमनी राज्यातून फुटून वऱ्हाडची इमादशाही उभी केली, तिची राजधानी अचलपूर. बाळापुरात नक्शबंदी सूफींची खानकाह, म्हणजे मठ, आहे. खानकाहीतलं शिक्षण बरंचसं सोहबतीतून, म्हणजे नुसत्या सहवासातून व्हायचं. शिष्यानं गुरूचं बोलणं ऐकायचं, त्याहून जास्त त्याचं उठणं-बसणं, रागावणं, राग गिळणं पाहायचं. या शिक्षणाच्या शब्दांनी आपल्या भाषेतही घर केलंय. तालीम हा अरबी शब्द; उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत तो लाल मातीत जाऊन बसला. १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, त्या शहराला तालीम म्हणजे काय हे सांगायला नको. अदब, हजेरी, कागद, शाई, दौत हे सगळे त्याच वाटेनं आलेले. वर्गातल्या निम्म्या वस्तूंना आपण फारसी-अरबी नावांनीच हाका मारतो आणि पुन्हा विचारतो, यांच्या शाळेत चालतं तरी काय?

तालीमचा जोडशब्द तरबियत. उर्दू घरांत हे दोन शब्द जोडीनंच येतात. तालीम म्हणजे शिकवणं, तरबियत म्हणजे वाढवणं. तिच्या अरबी मुळात वाढण्याचाच अर्थ आहे. तिसरा शब्द अखलाक. हे खुल्क या शब्दाचं अनेकवचन: स्वभाव, वागण्याची घडण. त्याच मुळातला खल्क म्हणजे बाहेरची घडण, नाक-डोळे-हातपाय. जुने ग्रंथकार म्हणत, बाहेरची घडण देव करतो, आतली मात्र माणसाला घडवता येते. यावर शेकडो वर्षं लिहिलं गेलं. १०३० मध्ये वारलेल्या मिस्कवैहचं 'तहजीबुल अखलाक', तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसीचं 'अखलाक-ए-नासिरी', जे मुघल दरबारात आवर्जून वाचलं जाई. सर सय्यद अहमद खानांनी १८७० मध्ये नियतकालिक काढलं, तेव्हा नाव मिस्कवैहच्या ग्रंथाचंच घेतलं. आणि मिस्कवैहनं मुलांविषयी जे लिहिलं त्याचा बराच भाग ब्रायसन नावाच्या ग्रीक लेखकाकडून आला होता. शुद्ध, भेसळ नसलेली परंपरा शोधणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

आता मुख्य गोष्ट. सच्चारित्र्याचं शिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे सुविचार येतात. महाराष्ट्राच्या शाळांत परिपाठाला मूल्यं आली: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता अशी दहा. पोरांनी ती घडाघडा पाठ केली. उर्दू शाळांत परिपाठाला अनेक ठिकाणी इक्बालची 'बच्चे की दुआ' होते, १९०२ च्या सुमाराची. तीही पाठ. पण इस्लामी परंपरेत मुलांबद्दल ज्या आठवणी सगळ्यात जास्त सांगितल्या जातात, त्यात मूल काय पाठ करतं याचा पत्ताच नाही. त्यात मोठा माणूस कसा वागला एवढंच आहे.

अनस बिन मालिक दहाएक वर्षांचे असताना त्यांच्या आईनं त्यांना पैगंबरांच्या सेवेला ठेवलं. म्हातारपणी ते सांगत, मी दहा वर्षं त्यांच्याकडे काम केलं, त्या दहा वर्षांत ते मला कधी साधं 'उफ्' म्हणाले नाहीत. केलेल्या गोष्टीला हे का केलंस, न केलेल्याला हे का नाही केलंस, असं विचारलं नाही. यावर कुणी म्हणेल, अनस गुणीच असतील. तसंही नाही. दुसरी आठवण त्यांचीच आहे. एकदा पैगंबरांनी त्यांना कामाला धाडलं. वाटेत पोरं खेळत होती. अनस तिथेच रमले, काम राहिलं. मागून कुणीतरी मान धरली. वळून पाहतात तो पैगंबर, आणि हसतायत. "उनैस, सांगितलं होतं तिथे गेला होतास का?" नाव अनस, पण हाक मारली ती लाडाच्या नावानं. उनैस म्हणजे आपल्याकडे गणपतला गणू म्हणावं तसं. पोरगं म्हणालं, जातो. गोष्ट संपली.

मला यात मान धरण्याचा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. काम राहिलं होतं, हे नजरेआड केलेलं नाही. विचारलेलं आहे. पण हसत, आणि लाडाच्या नावानं.

पुढच्या विद्वानांनी हेच जरा शास्त्रात बसवलं. ११११ मध्ये वारलेले इमाम गजाली लिहितात, मूल शाळेतून आलं की त्याला खेळू द्या. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं, बुद्धी बोथट होते आणि ते सुटकेच्या युक्त्या शोधायला लागतं. पोरानं एखादी चूक लपवून केली तर पहिल्या वेळी काणाडोळा करा, चारचौघांत उघडं पाडू नका. पुन्हा केली तर एकट्याला घेऊन बोला. आणि उठता-बसता बोल लावू नका, कारण मग बोलण्याची किंमतच राहत नाही. उलट चांगलं काही केलं तर मात्र लोकांसमोर सांगा. नऊशे वर्षांपूर्वीचा मजकूर आहे, पण एखाद्या केंद्रप्रमुखानं प्रशिक्षणात वाचून दाखवला तर कुणाला जुना वाटणार नाही.

१३७७ च्या सुमारास इतिहासकार इब्न खल्दूननं आपल्या 'मुकद्दिमा'त एक अख्खं प्रकरण यावर लिहिलं, की सक्ती विद्यार्थ्याला बाधते. त्याचं कारण नुसत्या दयेचं नाही, समाजशास्त्राचं आहे. धाकात वाढलेलं पोर आळशी होतं, मग खोटं बोलतं, मग मनात एक आणि तोंडावर दुसरं ठेवायला शिकतं, आणि हळूहळू तोच त्याचा स्वभाव होतो. म्हणजे ज्या अखलाकसाठी छडी उचलली, तोच अखलाक छडीनं जातो. त्याला माझ्याकडून एक साक्ष देतो. आमच्या मराठी शाळेतले एक मास्तर गृहपाठ नसला की दोन्ही हातांवर द्यायचे. त्या वर्षी मी गृहपाठ करायला शिकलो नाही. तळहाताला कांदा चोळला की छडी मोडते, ही विद्या शिकलो, आणि छडी मोडली नाही तेव्हा कांदा कमी पडला असं समजलो. शेजाऱ्याच्या वहीवरून मधल्या सुट्टीत उतरवण्यात मात्र तरबेज झालो.

इथे थोडं प्रामाणिक राहायला हवं. याच ग्रंथांत छडीला साफ मनाई केलेली नाही. इब्न खल्दून ज्या कैरवानच्या पंडिताचा हवाला देतो, तो म्हणतो, मारायचंच झालं तर तीन फटक्यांच्या वर नको. पोराला उस्तादाच्या हवाली करताना हाडं आमची, चमडी तुमची असं म्हणणारे बाप उर्दूतही होते, मराठीतही. छडीची छमछम दोन्ही भाषांना ऐकू येत होती. तेव्हा परंपरेत सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. एवढंच की, तिच्यातल्या सगळ्यात वजनदार आठवणी काडीच्या बाजूच्या आहेत.

आता कायदा, म्हणजे या वेळी कोर्टकचेरीतला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमानं मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी केली. वऱ्हाडातल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेला तो थेट लागू. २०१२ च्या दुरुस्तीनं मदरसे आणि वैदिक पाठशाळा त्यातून वगळल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालानं अल्पसंख्याकांच्या अनुदानित-विनाअनुदानित शाळाही बाहेर काढल्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठानं त्यावर शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची वाट मोकळी केली, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं होतं. याचा अर्थ या शाळांत मारायला मोकळीक झाली, असा कुणी काढू नये. पोराशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली गुन्हा आहेच.

दुसरीकडे घटनेचं २८ वं कलम. ज्या शाळेचा सगळा खर्च सरकार करतं, तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत दिलं तर पालकाच्या संमतीशिवाय पोराला बसवता येत नाही. म्हणजे अकोल्याच्या पालिकेच्या उर्दू शाळेतल्या गुरुजींना हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा, तास घेता येणार नाही. मग त्यांच्या हाती उरतं काय? त्यांचं स्वतःचं वागणं. एका अर्थी घटनेनं त्यांना खानकाहीच्या जुन्या वाटेवरच आणून सोडलंय.

हा पेच वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्याला, एकदा जाहीरपणे मांडला गेला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधींनी तिथे शिक्षण परिषद घेतली आणि नई तालीमचा आराखडा करण्याची समिती डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे दिली. ते जामिया मिल्लियाचे कुलगुरू. मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी'सारखी गोष्ट लिहिणारा माणूस. त्यांच्या आराखड्यात चरखा होता, हस्तकला होती, मातृभाषा होती. धर्मशिक्षणाचा तास नव्हता. त्यावर टीका झाली. गांधींचं म्हणणं साधारण असं होतं, की सगळ्या धर्मांना समान असलेली सत्यं मुलांना जरूर शिकवावीत, पण ती शब्दांतून किंवा पुस्तकातून शिकवता येत नाहीत, शिक्षकाच्या रोजच्या जगण्यातून मूल ती उचलतं.

टीका मात्र थांबली नाही. त्याच सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनं रविशंकर शुक्लांच्या पुढाकारानं खेड्यापाड्यांत शाळा काढायची योजना आणली आणि तिला नाव दिलं विद्यामंदिर. मुस्लिम समाजानं 'मंदिर' या शब्दावर हरकत घेतली, वाद चिघळला, राजकारण्यांनी त्यावर आपापल्या भाकऱ्या भाजल्या. आज वाचताना दोन्ही बाजूंची चीड येते. शाळेच्या पाटीवरून मोठी माणसं भांडत होती आणि ज्या लेकरांनी त्या पाटीखालून आत जायचं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

झाकिर हुसेन यांच्याविषयी जामियात एक गोष्ट सांगतात. पोरं मळके बूट घालून यायची, सांगून ऐकायची नाहीत. एक दिवस कुलगुरू स्वतः ब्रश-पॉलिश घेऊन फाटकाशी बसले आणि येईल त्याचे बूट पुसू लागले. दुसऱ्या दिवसापासून बूट चकचकीत. गोष्टीत पॉलिश थोडं जास्त झालेलं असेल, पण वऱ्हाडाला ती परकी वाटायचं कारण नाही. शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेत आणि कीर्तन रात्री करत. लोकांनी त्यांना ऐकण्याआधी झाडताना पाहिलेलं असे.

युनिसेफनं २००९ मध्ये बालस्नेही शाळांची जाडजूड मार्गदर्शिका काढली. इंडोनेशियात, जिथे इस्लामी शाळांचं जाळं मोठं आहे, बालस्नेही शाळा अशा पाट्या सरकारी कार्यक्रमातून लागतात. चांगलंच आहे. पण वऱ्हाडातल्या उर्दू शाळेत बालस्नेह कुठे दिसतो, ते पाहायला सदर मुदर्रिसाकडे पाहावं लागतं. मुख्याध्यापकाला तिथे असं म्हणतात. त्याच्या खोलीतल्या ढालींकडे पाहू नये. मुलींच्या संडासाला कडी आहे का ते पाहावं. सातवी-आठवीनंतर मुलगी शाळेत टिकणार की घरी बसणार, हे कधी कधी त्या कडीवर आणि शाळेत एखादी आपा, म्हणजे शिक्षिका, आहे की नाही यावर ठरतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं कायदा सांगतो. त्या बायका बैठकीत बोलतात की निरोप आला म्हणून अंगठा-सही करून जातात, हेही पाहावं.

आणि रमजान. अलीकडे तो फेब्रुवारी-मार्चकडे सरकलाय, म्हणजे परीक्षेची धावपळ आणि वऱ्हाडी उन्हाची सुरुवात, दोन्ही त्यातच. वयात येण्याआधी मुलावर रोजा बंधनकारक नाही, असं शरीयतच सांगते. पण आठ-नऊ वर्षांची पोरं हौसेनं धरतात, घरी रोजाकुशाईचं, म्हणजे पहिल्या रोजाचं, कौतुक होतं. वर्गात मग दोन तट पडतात. दुपारी व्हरांड्यात पोषण आहाराची खिचडी आलेली असते आणि रोजा न धरलेलं पोरगं ताट घेऊन उभं राहायला लाजतं. अशा वेळी कोण रोजेदार आहे, हात वर करा, असं एखादे गुरुजी सहज बोलून जातात. त्यांना वाटतं, धरणाऱ्याला उत्तेजन दिलं. न धरलेल्याची मान खाली गेली, ते त्यांना दिसत नाही. त्याला कदाचित ताप येऊन गेला असेल, घरी पहाटेच्या सहेरीला काही नसेल. गजाली इथे आठवावा: चारचौघांत उघडं पाडू नका. जाणता सदर मुदर्रिस हा प्रश्नच वर्गात विचारू देत नाही. खिचडीची पंगत तो आडोशाला हलवत नाही, पण पीटीचा तास सकाळी घेतो.

उशिरा येणाऱ्यांचंही तसंच. फाटक लागलेलं, आठ-दहा पोट्टे बाहेर. हा पोट्टे शब्द वऱ्हाडात मराठी माणूसही वापरतो आणि उर्दू बोलणाराही. यातलं एखादं बापाला जिनिंगमध्ये डबा देऊन आलेलं असतं, एखादं धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून, आणि एखादं अनससारखं वाटेत कंचे खेळत रमलेलं. तिघांना एकच शिक्षा म्हणजे मैदानाला फेऱ्या, हे सोपं. काहून रे, कुठं होता, असं एकेकाला विचारायला दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं कुठल्या रजिस्टरात चढत नाहीत.

बार्शिटाकळीचे महबूब राही यांनी मुलांसाठी उर्दूत भरपूर कविता लिहिल्या, आणि इस्लामची ओळख मराठी घरांना व्हावी म्हणून साने गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' लिहिलं. दोघांची पुस्तकं एकाच कपाटात असलेली शाळा मला अजून पाहायची आहे.

अनसच्या घरातलीच आणखी एक आठवण राहिली. त्यांना एक धाकटा सावत्र भाऊ होता, अबू उमैर. त्यानं एक छोटं पाखरू पाळलं होतं. ते मेलं. पैगंबर त्यांच्याकडे आले, तर पोरगं तोंड पाडून बसलेलं. तेव्हा त्यांनी त्या पोराला त्याच्या नावाशी यमक जुळवत विचारलं, तुझ्या पाखराचं काय झालं? एवढंच. दहाव्या शतकातल्या इब्नुल कास नावाच्या विद्वानानं या एका वाक्यातून साठ बोध काढून त्यावर छोटा ग्रंथ लिहिला.

बकरी ईदची सुट्टी संपून शाळा भरते, तेव्हा वऱ्हाडातल्या प्रत्येक उर्दू शाळेत एक-दोन अबू उमैर असतात. महिनाभर बकरा दारात बांधलेला, रोज चारा यानं घातलेला, नाव यानं ठेवलेलं, रात्री त्याच्याजवळ झोपायचा हट्टही यानंच केलेला. कुर्बानीचा अर्थ त्याला मक्तबात सांगितलेला असतो आणि तो त्याला पाठही असतो. हजेरीला तो 'हाजिर जनाब' हळूच म्हणतो. वही उघडत नाही. हजेरी संपल्यावर आपा त्याच्या बाकाशी येते, फळ्याकडे पाठ करून शेजारी बसते आणि विचारते, "कैसा था रे तेरा बकरा?"

पोरगं आधी गप्प. मग दोन्ही हात कानांजवळ नेऊन खाली सोडून दाखवतं. "आपा, कान इत्ते लंबे थे."